खर्च निरंक

सुखदेव, तू शेवटपर्यंत मला बिल दिलं नाहीस ते नाहीसच.

तुझ्या जलदान विधीच्या दिवशी घरापुढच्या मांडवात वरवट बकालची निम्मी बाजारपेठ बसली होती. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. कोणी तुला निसर्गप्रेमी म्हणालं, कोणी वन्यजीवांचा सखा. एका पुढाऱ्यानं तर तुला जलदूत करून टाकलं. तू तिथं असतास तर मागच्या रांगेतून हळूच उठून पान खायला सटकला असतास. मग माझं नाव पुकारलं. मी माइक हातात घेतला आणि सांगण्यासारखं जे जे होतं ते सगळं एकदम दारात येऊन अडकलं. "सुखदेवनं टेंभुर्णीची मोटार चार वेळा भरून दिली," एवढंच बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. आलं होतंच. पण त्याहून जास्त मला तुझा राग आला होता. आपला वाद अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास, ही काय रीत झाली?

म्हणून हे लिहितो आहे. माइकवर मला जमत नाही, कागदावर जमतं. सारी नोकरी मी कागदच केले, हे तूच चारचौघांत सांगायचास.

मी वनपाल म्हणून इकडे बदलून आलो तो पहिला उन्हाळा. सातपुड्याच्या पायथ्याच्या अभयारण्यात माझ्या वाट्याला तीन पाणवठे आले होते आणि त्यातले दोन फेब्रुवारीतच तळ दाखवायचे. सगळी भिस्त टेंभुर्णीच्या मोठ्या झाडाखालच्या तिसऱ्यावर. सिमेंटची उथळ बशी, शेजारी बोअर, त्यावर सौर पंप. मार्च संपता संपता तो पंप बंद पडला. बसवणाऱ्या कंपनीची हमी संपलेली आणि दुरुस्तीचं अनुदान आलेलं नव्हतं. ते कधी येतं हे तुला मी पुढं शंभर वेळा सांगितलं. जनावरांना पाणी लागतं एप्रिल-मे महिन्यांत, आणि पैसा येतो पावसाळा उलटल्यावर, नालेओढे खळखळत असताना. मग तो पाण्यावर खर्च करा आणि एकतीस मार्चच्या आत करा, म्हणून पत्रावर पत्र.

कोणीतरी तुझं नाव सांगितलं. मोटारी भरणारा म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळणारा कारागीर, हात साफ, तोंड फाटकं. मी उधारीवर काम होईल का म्हणून घासाघीस करायच्या तयारीनं तुझ्या दुकानात आलो. तू एका संत्रेवाल्याची मोटार उघडून बसला होतास आणि तो संत्रेवाला तुझ्या डोक्यावर उभा होता. माझं सगळं ऐकून तू भाव सांगितला नाहीस. एकच विचारलंस, "तिथं पानी पेते कोन, साहेब?"

अस्वल, सांबर, रोही, भेकर, रानडुक्कर, मोर, असं मी मोजून दाखवलं. वाघही कधीमधी येतो, हे जरा आवाज उतरवून सांगितलं. तू पान्हा खाली ठेवलास आणि संत्रेवाल्याची मोटार पायानं बाजूला सरकवलीस.

"ह्याइले दोन दिवस थांबता येते. अस्वलाले नाई येत. चाला."

तो संत्रेवाला पुढं दोन वर्षं मला रामराम घालत नव्हता, तुला माहीत आहे.

वाटेत तू सांगितलंस की जन्मापासून हा डोंगर समोर दिसतो, पण नाक्याच्या आत तू कधी पाय टाकला नव्हता. सरकारचं आहे, आपलं तिथं काय काम, असं तुला वाटायचं. मला आतून लाजल्यासारखं झालं, कारण आमच्या खात्यालाही साधारण तसंच वाटत आलं होतं. मग तू बोअरवर घोडी, म्हणजे लोखंडी तिवई, उभी केलीस, चैनकप्पी लावून एकेक पाइप वर ओढलास, मोटार घेऊन गेलास आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणून सोडलीस. नळातून आधी गढूळ, मग नितळ पाणी आलं. मी खिशातून पाकीट काढलं, तर तू हात जोडलेस. आजवर तुझ्या मोटारींनी संत्र्याला नि कपाशीला पाणी पाजलं, यंदा अस्वलाला पाजलं, त्याचे कसले पैसे, असं म्हणालास. मला तेव्हा वाटलं, काय माणूस भेटला. देवमाणूस. तो देवमाणूस पुढं मला किती छळणार आहे याची कल्पना नव्हती.

त्यानंतरचे आपले रविवार. तू दहाबारा जणांना नादी लावलंस. फेब्रुवारीत जाळरेषा काढायच्या, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवताचे पट्टे साफ करायचे. पावसाळ्यानंतर बांध घालायचे, उन्हाळ्यात पाणवठ्यातलं शेवाळ खरवडायचं. हंगामी मजुरांची संख्या वरून दरवर्षी कमी होत होती आणि तुझी टोळी दरवर्षी वाढत होती, त्यामुळं माझ्या भागात माणसं कमी आहेत हे कोणाच्या डोळ्यावर आलंच नाही. दुपारी टेंभुर्णीखाली शिदोऱ्या सुटायच्या. ज्वारीची भाकर, मिरचीची भाजी, सुमनवहिनींनी तुझ्या डब्यात माझ्यासाठी म्हणून घातलेली कमी तिखट वांगी. मी देऊळगाव राजाचा, मला तिखट तुमच्यापेक्षा जरा कमीच सोसवतं, आणि माझं बोलणंही तुला जालन्याच्या एस्टीसारखं वाटायचं, फाट्याफाट्यावर थांबत येणारं.

पक्षी ओळखायची तुझी रीत तर मी पुढं प्रशिक्षणाला येणाऱ्या पोरांना सांगायचो. तुला पिसं, चोच, शेपटी काही कळायचं नाही. तू आवाजावर जायचास. हा बेअरिंग गेल्यासारखा करतो तो अमका, हा व्होल्टेज कमी असल्यासारखा कण्हतो तो तमका. तांबट पक्षी झाडावर टुक-टुक करत बसला की तू मान वर करून म्हणायचास, हा आपल्या धंद्यातला आहे. आणि वानरांनी सौर पॅनलवर उड्या मारून वायर तोडली त्या दिवशी तू शिडीवरून त्या हुप्प्याशी भांडलास, "काऊन बे, घरी खायाले नाई काय?" तो बापडा तुझ्याकडे पाहत तसाच बसला. आम्ही खाली पोट धरून हसलो. नोकरीत मला बढत्या फारशा मिळाल्या नाहीत, बदल्या भरपूर मिळाल्या, पण असे रविवार मिळाले. त्या बाबतीत मी सुखी माणूस आहे.

आता वादाकडे येतो.

दरवर्षी पुढच्या वर्षाची मागणी वर पाठवायची असते. तक्त्यात प्रत्येक कामापुढे एक रकाना असतो, मागील वर्षीचा प्रत्यक्ष खर्च. टेंभुर्णीच्या पंपापुढे मी इमानदारीनं लिहायचो, निरंक. म्हणजे काही नाही, शून्य. तू पैसे घेत नव्हतास, मग दुसरं काय लिहिणार? उलट मला त्याचा अभिमान वाटायचा. असं तीन वर्षं लिहिलं. चौथ्या वर्षी मागणी मंजूर होऊन आली तेव्हा त्यात टेंभुर्णीच्या पंपाची ओळच नव्हती. मी तावातावानं कार्यालय गाठलं. तिथले लेखापाल शांत माणूस होते, त्यांनी मला चहा पाजला आणि समजावलं. ज्या पंपाला तीन वर्षं छदाम लागला नाही, त्याला तरतूद कशाला ठेवायची, असं वरच्यांनी ठरवलं. त्यात त्यांचं काय चुकलं? शेजारच्या भागातले दोन पंप बंद पडले आणि बंदच राहिले होते. तिकडे यंदा नवे मंजूर झाले.

परतताना मी खामगावच्या स्टँडवर एस्टीची वाट पाहत तासभर बसलो होतो आणि मला हसावं की रडावं कळेना. आपण चांगलं वागून वागून पाणवठ्याची तरतूद आटवली होती.

दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या दुकानात आलो आणि म्हणालो, सुखदेव, यापुढं बिल द्यायचं. जे होईल ते, दोनशे रुपये असोत की दोन हजार. तू आधी हसलास. मी चेष्टा करत नाही हे कळल्यावर तुझा चेहरा पडला. तुझ्या दुकानाबाहेर दर उन्हाळ्यात तू दोन रांजण मांडायचास, ओल्या तरटात गुंडाळलेले. त्यांच्याकडे बोट दाखवून तू म्हणालास, "साहेब, पानपोईचं कोनी बिल फाडते काय?"

मी चिडलो. मला तुझ्यासारखं एका वाक्यात बोलता येत नाही, पण त्या दिवशी आलं. "पाणपोई माणसाबरोबर बंद पडते, सुखदेव. तू मेलास की टेंभुर्णीचं काय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तू मोटारीत मान घालून काम करत राहिलास. हे वाक्य मी बोललो होतो, सुखदेव. गेला महिनाभर ते माझ्या कानात वाजतं आहे.

पुढं नऊ वर्षं आपण त्याच मुद्द्यावर भांडलो. मी म्हणायचो, तू फुकट करतोस म्हणून सरकारला गरज दिसत नाही. तू म्हणायचास, सरकारला दिसेपर्यंत जनावरानं जीभ काढून बसायचं काय? मी म्हणायचो, बिल दे. तू म्हणायचास, जेवून घ्या. तुझंही खरं होतं आणि माझंही खरं होतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. तरी एकानंही माघार घेतली नाही.

आणि आता ते सांगतो, जे तुला कधी सांगितलं नाही.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात अस्वल विहिरीत पडलं होतं. जंगलाला लागून असलेल्या शेतातली बिनकठड्याची विहीर, कमरेइतकं पाणी, आणि त्यात ते गुरगुरत फिरतंय. हजारभर माणूस गोळा झालं होतं. तू दुकानातल्या दोन शिड्या एकात एक जोडून वेल्डिंग केल्यास, अस्वलाचे पाय घसरू नयेत म्हणून पायऱ्यांना पोती गुंडाळलीस आणि ट्रॅक्टरवर टाकून आणलीस. गर्दी मागं हटवायला आम्हाला दीड तास लागला. शिडी सोडली आणि आम्हीही मागं सरलो. मग एक केसाळ डोकं वर आलं, त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि ते जे सुटलं ते थेट डोंगराकडे. शिडी पार वाकली होती. तू तिच्यावर बसून लहान पोरासारखा हसलास. हसणं थांबल्यावर तू मला विचारलंस, टेंभुर्णीला पाणी आहे ना? मी म्हणालो, कालच पंप बंद पडला.

काल नाही, सुखदेव. नऊ दिवस झाले होते.

मी तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. मधल्या रविवारी काम नाही म्हणून टोळीलाही घरीच ठेवलं. कोरड्या बशीचे फोटो काढले, कडक अहवाल लिहिला, आणि ठरवलं की या वेळी गरज कागदावर येऊ द्यायची. चार दिवसांत काहीतरी हालचाल होईल असा हिशेब होता. चाराचे नऊ झाले. रोज सकाळी मी पाणवठ्यावर जाऊन यायचो, बशीच्या तळाशी ताजे पायठसे पाहायचो, आणि तसाच परत यायचो. त्या अस्वलाला पाण्यासाठी शेतात मी पाठवलं. विहिरीत कोणी माणूस पडलं असतं, अस्वलानं कोणाला फाडलं असतं, तर त्याला मी जबाबदार होतो. तू तशाच घामेजल्या अंगानं टेंभुर्णीला गेलास आणि पंप सुरू केलास. मी जीपमध्ये बसून राहिलो, तुझ्याबरोबर आलो नाही. तुला वाटलं, साहेब थकले.

गंमत पुढं आहे. वाकलेल्या शिडीवर बसलेला तुझा फोटो पेपरात आला, वर मथळा, श्रमदानातून पाणवठा सुरू. तू तो कात्रून दुकानात लावलास. तसंच एक कात्रण वरच्या कार्यालयात माझ्या अहवालाला जोडलं जाऊन महिन्याभरानं उत्तर आलं. सदर काम श्रमदानातून पूर्ण झाल्याचे समजते, सबब प्रस्ताव दप्तरदाखल करण्यात येत आहे. ते पत्र मी तुला दाखवलं तेव्हा तू इतका हसलास की तुझ्या हातातला चहा सांडला. मीही हसलो. पण खरं त्या वेळी सांगायला हवं होतं. तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास आणि मग जेवून घ्या म्हणाला असतास. इतकं सोपं होतं ते, आणि तरीही मला जमलं नाही. आज सांगतो आहे. माझं चुकलं.

निवृत्त झालो त्या दिवशी खात्यानं शाल-श्रीफळ दिलं. संध्याकाळी तू घरी आलास, आणि त्या दिवसापासून मला साहेब म्हणणं सोडलंस. "भाऊ, आता तुमी बी बिनबिलाचे झाले," म्हणालास. देऊळगाव राजाला घर बांधून ठेवलेलं असताना मी वरवट बकालमध्ये भाड्याची खोली घेऊन राहिलो, यावर घरी बरीच बोलणी खाल्ली. पण पहिल्या रविवारी गणवेश न घालता, कोणाला हुकूम न देता, तुमच्यातला एक होऊन मी विळा घेऊन गवत कापायला बसलो. संध्याकाळी पाठ मोडून आली आणि असं बरं वाटलं की काय सांगू. तू पैशाला का हात लावत नाहीस ते मला त्या दिवशी थोडं समजलं. थोडंच. वाद मी सोडला नाही, हे तुला आठवत असेलच.

आता यंदाचं ऐक.

तू गेल्यावर तीन आठवड्यांनी टेंभुर्णीचा पंप बंद पडला. ऐन एप्रिलात. नव्या वनपाल मॅडमचा मला फोन आला. त्यांना बदलून येऊन सहाच महिने झाले आहेत, आणि दुरुस्तीचे पैसे त्यांच्याकडेही नाहीत. त्यांनी अवघडून विचारलं की सुखदेवभाऊंच्या जागी कोणी आहे का. बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. तुझ्या दुकानात जे वाक्य मी तुझ्या तोंडावर फेकलं होतं, ते असं समोर येऊन उभं राहिलं. या वेळी मी नऊ दिवस थांबलो नाही. रविवारची टोळी गोळा केली आणि ट्रॅक्टरवर टाक्या ठेवून दोन दिवस पाणी ओतलं. पण उन्हाळा दोन महिन्यांचा, आणि ट्रॅक्टरवाल्याला स्वतःचंही शेत आहे.

तिसऱ्या दिवशी तुझ्या दुकानाचं शटर उघडं दिसलं. आत प्रज्ञा होती. तुझी पोरगी खामगावला आयटीआय करून तिथंच एका जिनिंगमध्ये मोटारी सांभाळत होती, ते सोडून आली. मी तिला टेंभुर्णीचं सांगितलं. तिनं तुझ्यासारखं विचारलं नाही, कोण पाणी पितं वगैरे. तिनं विचारलं, किती एचपीची आहे. मग घोडी, चैनकप्पी, सगळं ट्रॅक्टरवर चढवलं. पाइप वर ओढताना ती टोळीतल्या बाप्यांना असे हुकूम सोडत होती की मला माझ्या जुन्या साहेबांची आठवण झाली. मोटार तिनं दीड दिवसात भरली. तुझं भरणं जरा ढिलं असायचं, असंही तोंडावर सांगितलं मला. ऐकून घे.

काम झालं आणि ती म्हणाली, काका, बिल कोणाच्या नावानं करू?

मला वाटलं होतं, या प्रश्नासाठी मी नऊ वर्षं थांबलो आहे. पण आतल्या दारात सुमनवहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याइनं जितेपनी एक रुपया नाई घेतला. आता त्याइच्या मांगं बिल फाडाचं? लोक काय म्हनतीन?" सुखदेव, माझं पाठ झालेलं सगळं भाषण तोंडाशी होतं, तरतूद, रकाना, निरंक. त्यातला एक शब्द मला वहिनींपुढं काढता आला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या बाजूचा झालो होतो. राहू दे म्हणणारच होतो.

प्रज्ञानं मला सगळं विचारून घेतलं. का बिल पाहिजे, नाही दिलं तर काय होतं, तुझं म्हणणं काय होतं. मी आपलं फाट्याफाट्यावर थांबत सांगितलं. ती ऐकत मोटारीचं झाकण पुसत होती. मग म्हणाली, "काका, बिल देल्लं तं पैसे घ्याच लागते काय?"

"म्हणजे?" मी विचारलं.

ती म्हणाली, बिल पूर्ण लावू, एक पैसा कमी नाही. आत्ता पैसे नाहीत तर कागद फायलीत राहू द्या, पुढच्या मागणीत तो येईलच. आणि कधी आले पैसे, तर त्यांची दुसरी मोटार आणून ठेवू, एक जळाली की दुसरी सोडायची. म्हणजे जनावरांना मध्ये एक दिवसही ताटकळायला नको.

तुला कळतंय का, सुखदेव? बिल देणं आणि पैसे घरात घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नऊ वर्षांत आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. तू इमानाला चिकटून बसलास आणि मी रकान्याला. एकमेकांना हरवायच्या नादात आपण दोन मोठे घोडे इतके आंधळे झालो, आणि पोरीनं झाकण पुसता पुसता ती गाठ मोकळी केली. वहिनी आत गेल्या आणि बिलबुक घेऊन आल्या.

काल मी आणि प्रज्ञा ते बिल घेऊन कार्यालयात गेलो. मॅडमनी दोनदा वाचलं. त्या म्हणाल्या, पैसे यंदा देता येणार नाहीत, पण बिल आलं आहे म्हणजे मला वर लिहावंच लागेल, आणि पुढच्या वर्षी तक्त्यात ही ओळ पुन्हा टाकावी लागेल. वरून काय उत्तर येईल ते मी सांगत नाही, खात्याला मी ओळखतो. पण आवक नोंद झाली, शिक्का पडला, पोच मिळाली. प्रज्ञाला गिऱ्हाईक होतं, ती दुकानाकडे गेली. मी पोच खिशात घालून एकटाच टेंभुर्णीला गेलो.

वाटभर मी खुशीत होतो. वाटत होतं, आता गाठतो तुला, पोच तुझ्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, बघ, जिंकलो की नाही. झाडाखाली पोचेपर्यंत हेच चाललं होतं डोक्यात. मग गाडी बंद केली, आणि ज्याला चिडवायचं तोच नाही हे ध्यानात आलं. मी जरा वेळ तिथं बसून रडलो. कोणी पाहिलं नाही, एक भेकर सोडलं तर. ते पलीकडून आलं, माझ्याकडे पाहून थबकलं, आणि मग खाली मान घालून पाणी प्यायला लागलं.

टेंभुर्णीला पाणी आहे, सुखदेव. तू गेल्यावरही आहे.